विहिरीतलं औषध

मीटरचा काटा हलला नाही. मागे उभे असलेले सरपंच आबा म्हणाले, "म्हंजे जहर शे ना, ताई?"

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावच्या एका प्रयोगशाळेत मी पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारा सेन्सर बनवत होते. त्याचा जीव नायलॉनच्या पातळ पडद्यात, म्हणजे मेम्ब्रेनमध्ये. गुळगुळीत नायलॉनवर एन्झाइम टिकत नाही. म्हणून ॲसिडने त्याचे धागे थोडे उकलायचे आणि मोकळ्या टोकांना एन्झाइम बांधायचं. ते जिवंत असेल तर दिलेल्या खाद्याचं आम्ल करतं आणि काटा हलतो. कीटकनाशकाने ते मरतं, काटा गप्प.

धुळ्याकडच्या त्या गावात उलट्या-जुलाबाने एक मूल दगावलं होतं. गावातल्याच नामदेवनानांनी शेतातल्या फवारणीचा पंप विहिरीवर धुतला, असं गाव म्हणत होतं. नानांशी सगळ्यांनी बोलणं टाकलं होतं. ते लांब बांधावर बसून माझ्याकडे बघत होते. काटा चुकीचं सांगत असेल तर, अशी मला भीती वाटली.

"रिपोर्ट लिहून टाका," प्रयोगशाळेतून सोबत आलेले आमचे सर म्हणाले.

"सर, पडदाच उन्हाने मेला असेल तर?"

नवा पडदा बसवला. जळगावहून आणलेल्या पाण्यात काटा हलला. विहिरीच्या पाण्यात पुन्हा गप्प. म्हणजे दोष पाण्यातच होता.

"आबा, विहिरीत औषध पडलेलं कुणी पाहिलंय?" आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात.

"पाहेल काय, आरोग्यवालानी आमना समोरच टाकं! पांढरी पावडर!"

ब्लीचिंग पावडर! तिचं क्लोरीन जंतू मारतं, तसं एन्झाइमही मारतं. सरांनी लगेच तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून हायपो आणवला. फोटो धुवायच्या या क्षाराने क्लोरीन मोडतं. विहिरीच्या पाण्यात चिमूटभर हायपो टाकला, पुन्हा नवा पडदा लावला. काटा हलला, अगदी जळगावच्या पाण्याइतका.

"विहिरीत कीटकनाशक नाही," सरांनी मोठ्याने सांगितलं. आबा चपलेने माती उकरत राहिले. माणसं एकेक करून पांगली.

मी पेटी भरत होते तेव्हा नाना जवळ आले.

"ताई, तुमनं मशीन बोलनं. आते ह्या लोके मनासंगे कवय बोलतीन?"

लोक कधी बोलतील, ते विचारून नाना थांबले; मी पेटीचं झाकण लावलं. पुढे सेन्सर सुधारला, पडदे जास्त टिकू लागले. पण पाण्यात कुठलं औषध पडलंय, हे विचारल्याशिवाय मी पुन्हा कुठल्याही गावच्या पाण्यात पडदा बुडवला नाही.