बिनविरोध निवडून आलेले जावईबापू

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ईस्टरच्या काही आठवडे आधीच्या एका शुक्रवारी, मस्कतमधल्या आमच्या अँग्लिकन मंडळीच्या मराठी सभासदांनी वार्षिक सभेत वॉर्डन म्हणून एका माणसाला बिनविरोध निवडले. नाव साळवेकाकांनी सुचवले, अनुमोदन तीन जणांनी एकदम दिले, टाळ्या झाल्या. निवडून आलेल्या गृहस्थांनी हातातली चहाची किटली खाली ठेवली आणि ते म्हणाले, "अहो, पण मी ख्रिस्ती नाही ना जी."

कुणी हसले, कारण हा त्यांचा नेहमीचा विनोद असावा असे वाटले. "मी बौद्ध आहे," ते म्हणाले. "सरोजला विचारा." सरोजताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मान डोलावली. साळवेकाका सर्वांत आधी सावरले. "आवं, मग इतकी वर्षं तुम्ही इथं करता काय?"

प्रश्न रास्त होता. वॉर्डन म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल उपासनेची सगळी व्यवस्था पाहणारा माणूस. ती व्यवस्था हे गृहस्थ गेली काही वर्षे पाहतच होते. बाकी होती ती फक्त निवडणूक.

त्यांचे आडनाव मेश्राम. मूळचे नागपूरचे, रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. सरोजताई अहमदनगरच्या, सरकारी इस्पितळात नर्स. मंडळीत निम्मी माणसे नगरकडची. सरोजताई त्यांची लेक ठरल्या, आणि मेश्राम आपोआप सगळ्यांचे जावईबापू झाले.

पहिले काही महिने ते सरोजताईंना मस्कतच्या रुवी भागातल्या चर्चच्या फाटकाशी सोडून गाडीत पेपर वाचत बसत. जून महिन्यात गाडीचा एसी बिघडला. साळवेकाकू बाहेर आल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या, "जावईबापू, भाजून निघाल. आत या. देवाचं नका ऐकू हवं तर, पण गारव्याला तरी बसा." ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ, एसीच्या खाली बसले. त्यानंतर कुणीही विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे: "मी एसीसाठी येतो." हे उत्तर ते जानेवारीतही देत. जानेवारीत एसी बंद असे.

शेवटच्या रांगेत ते फार काळ स्वस्थ बसले नाहीत. त्या इमारतीत दर शुक्रवारी तासातासाने भाषा बदलत असे. आमच्या आधी उर्दू, आमच्यानंतर तमिळ, मधल्या काही मिनिटांत खुर्च्यांची मांडणी बदलायची. पूर्वी ते काम कुणाचेच नव्हते, त्यामुळे पहिले गीत खुर्च्या सरकण्याच्या आवाजात बुडत असे. मेश्राम दारात उभे राहू लागले. "यल्ला, चला, उर्दूवाले निघाले! उचला, उचला! वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा, खुर्चीला काय कोर्टाची तारीख द्यायची आहे का?" पहिले गीत शांततेत होऊ लागले.

नव्याने आलेल्यांना इथले पंचांग समजावून सांगण्याचे कामही त्यांच्याकडेच गेले. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारची उपासनाही शुक्रवारी. मेश्राम सांगत, "आमच्याकडे रविवार शुक्रवारी येतो. गुड फ्रायडे तर शुक्रवारीच येतो, त्याची कटकट नाही. ईस्टर तेवढा खऱ्या रविवारी येतो, आणि त्या दिवशी सगळ्यांना ड्युटी." म्हणून ईस्टरची उपासना पहाटे असे आणि लोक तिथूनच थेट कामावर जात, कुणी रेशमी साडीत, कुणी कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये. त्या पहाटेचा चहा आणि उकडलेली अंडी मेश्रामांच्या गाडीच्या डिकीतून येत. 'आमच्याकडे' हा त्यांचा शब्द कुणाला खटकला नाही.

मंडळीची मराठी गीते भजनाच्या चालीवर होती. पेटीवर सरोजताई असत. ढोलकी वाजवणारे गृहस्थ नोकरी संपवून भारतात परतले, तेव्हा गीते रेंगाळू लागली. तिसऱ्या शुक्रवारी मागच्या रांगेतून आवाज आला, "हे गाणं आहे की मिरवणूक अडकली आहे?" पुढच्या शुक्रवारी मेश्राम ढोलकी घेऊन आले. ढोलकी ते नागपूरच्या वस्तीत भीमगीतांच्या पार्टीत शिकले होते. हात तोच, फक्त शब्द बदलले. पहिल्या दिवशी दोन आजीबाईंनी तक्रार केली. महिन्याभरात त्याच दोघी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या. साळवेकाका गाता गाता धाप लागून म्हणत, "जावईबापू, जरा दमानं. शेवटच्या कडव्यापर्यंत जिवंत पोचायचंय." त्यावर उत्तर येई, "तुम्ही श्वास घ्या, मी थांबतो ना जी." ते थांबत नसत.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला लोक रांगेरांगेने पुढे जात. मेश्राम मागे राहत. जाणाऱ्या बायका पर्स, चष्मे आणि तान्ही मुले त्यांच्याकडे सोपवून जात. एका वेळी त्यांच्या मांडीवर दोन मुले, खांद्यावर एक आणि पायांशी सात-आठ पर्स असे दृश्य असे. जो पुढे जात नाही तो सभासद नाही, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होते. पण मेश्राम पुढे जात नाहीत हे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण पुढे जाणाऱ्या प्रत्येकाचे मूल त्यांच्याजवळ होते. बिनविरोध निवडीचे कारण हेच.

सभेनंतर पाळकसाहेबांनी नियम सांगितला. ते इंग्रज होते, बोलण्यात मृदू आणि नियमात पक्के. वॉर्डन बाप्तिस्मा झालेलाच हवा. अंगणात साळवेकाकांनी तोडगा काढला. "त्यात काय एवढं! ईस्टरला पाळकसाहेब पाणी घालतील. पाच मिनिटांचं काम. खलास." आणखी चौघांनी त्यांना दुजोरा दिला. एकाने तर बाप्तिस्म्यानंतरच्या जेवणाचा बेतही सांगितला.

मेश्राम हसत होते, पण हातातली किटली त्यांनी पुन्हा खाली ठेवली. "काका, माझ्या वडिलांनी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोर उभं राहून दीक्षा घेतली. घरी ते आजही त्या दिवसाबद्दल बोलतात. ते मी पाच मिनिटांत कसं सोडू? खुर्च्या लावीन, पोरं सांभाळीन, ढोलकी फुटेपर्यंत वाजवीन. हे नाही होणार जी."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी सरोजताईंना फाटकाशी सोडले आणि गाडी वळवून ते निघून गेले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. पहिले गीत पुन्हा खुर्च्यांच्या आवाजात सुरू झाले. प्रभुभोजनाला आया मुलांना कडेवर घेऊन पुढे गेल्या आणि एका मुलाने पाळकसाहेबांच्या गळ्यातला पट्टा घट्ट पकडून ठेवला. तो सोडवायला दोन माणसे लागली. सरोजताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, मी आत आलो की सगळे अवघडतात. आणि काका पाण्याचा तांब्या घेऊन मागे लागतील." त्या पेटी वाजवत राहिल्या, पण उपासना संपली की चहाला थांबेनाशा झाल्या. परत भारतात जाण्याचा विषय घरात निघाला आहे, हेही त्यांनी साळवेकाकूंना सांगितले. ईस्टरच्या पहाटे चहा नव्हता.

ईस्टरनंतर पाळकसाहेबांनी सरोजताईंना विचारले की मेश्रामांना भेटायला कधी यावे. त्या म्हणाल्या, "या शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे बाबासाहेबांची जयंती आहे. ओळखीची बौद्ध कुटुंबं येतात." आम्ही आलो तर चालेल का, असे पाळकसाहेबांनी विचारले. सरोजताई म्हणाल्या, "या. पांढरे कपडे घाला."

मंडळीतले दहा-बारा जण गेले. साळवेकाका पांढऱ्या सदऱ्यात होते, काकू पांढऱ्या साडीत. पाळकसाहेबांकडे उपासनेचा झगा सोडला तर पांढरे असे एकच होते. ते क्रिकेटच्या पोशाखात आले, पँटच्या गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग. मेश्रामांनी दार उघडले, त्यांना नखशिखान्त पाहिले आणि इंग्रजीत विचारले, "सर, टॉस कोणी जिंकला?"

दिवाणखान्यात सतरंज्या होत्या. दूरच्या इब्रा गावाहून एका इंजिनिअरचे कुटुंब आले होते, बाकीचे मस्कतमधले. वंदना झाली. मंडळीच्या लोकांना शब्द येत नव्हते, ते हात जोडून बसून राहिले. मग मेश्रामांनी ढोलकी घेतली आणि भीमगीते सुरू झाली. दुसऱ्या गाण्याला वंदना म्हणणाऱ्या बायका उभ्या राहून गाऊ लागल्या, तेव्हा त्यांची मुले साळवेकाकांच्या मांडीवर आली. काका म्हणाले, "चाल तर आपलीच की हो!" इब्राचे इंजिनिअर म्हणाले, "आपली म्हणजे आमची, काका." खीर झाली. पाळकसाहेबांनी दोनदा घेतली.

जिन्यात साळवेकाका थांबले. "जावईबापू, पाण्याचं मी बोललो, ते खलास. पुन्हा काढणार नाही."

"काढाल हो तुम्ही."

"नाही काढणार. पण पुढच्या खेपेला ते उर्दूवाले गेल्यावर आम्ही करायचं काय, ते सांगा."

"शुक्रवारी येतो ना जी," मेश्राम म्हणाले. ते आले.

त्या वर्षी वॉर्डन म्हणून सरोजताईंची निवड झाली. काम मेश्राम करत राहिले. इंग्रजी उपासनेतले लोक त्यांना वॉर्डनचे यजमान म्हणून ओळखू लागले, आणि ते स्वतःची ओळख तशीच करून देत. बाप्तिस्म्याचा विषय साळवेकाकांनी पुन्हा काढला नाही.

दोन हजारच्या दशकात कारखान्यातली मेश्रामांची जागा एका ओमानी इंजिनिअरला मिळाली. त्याला सहा महिने शिकवून मेश्रामांनी राजीनामा दिला. नागपूरला परतायचे ठरले. मंडळीत अशी पद्धत होती की कायमचे जाणाऱ्या सभासदांची नावे शेवटच्या शुक्रवारी वाचली जात, ते पुढे येऊन उभे राहत आणि सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे. तोपर्यंत पाळकसाहेब बदलले होते. नव्या पाळकसाहेबांनी सरोजताईंचे नाव वाचले. त्या पेटीवरून उठून पुढे गेल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी हात वर केले.

"थांबा," साळवेकाका म्हणाले. तेव्हा ते काठी घेऊन चालत. ते उभे राहिले आणि मागे वळून त्यांनी मोठ्याने पूर्ण नाव घेतले, "सिद्धार्थ गोविंद मेश्राम." ते नाव बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

पाळकसाहेबांनी ते नाव पुन्हा एकदा, जरा अडखळत, उच्चारले. मेश्राम शेवटच्या रांगेतून चालत पुढे गेले आणि सरोजताईंच्या शेजारी उभे राहिले.