लोड लावल्यावर

आमचे हे बॅटरीवाले. दिवसभर ॲसिडच्या वासात उभं राहायचं आणि घरी आल्यावर भिंतीकडे बघत बसायचं, असा यांचा संसार. मीही शाळेच्या स्वयंपाकघरातली पातेली घासूनच आलेली असते, पण ते कोण विचारतंय. त्यात तापातून उठलेले मामंजी, म्हणजे यांचे वडील, महिनाभर आमच्याकडे होते आणि आता आपल्या घरी परत जायचं, एकट्यानेच राहायचं, म्हणून हटून बसले होते. हे रोज दारातूनच विचारायचे, "बाबा, बरं वाटतंय ना?" खाटेवरून उत्तर यायचं, "ठणठणीत." झालं. रविवारी त्यांना पोचवायचं ठरलं. मला काही ते पटत नव्हतं, पण सुनेचं ऐकतो कोण?

शुक्रवारी दुकानात डबा द्यायला गेले, तर एक गिऱ्हाईक यांच्याशी हुज्जत घालत होतं. "मीटर साडेबारा व्होल्ट दाखवतोय, मग बॅटरी खराब कशी?"

"व्होल्ट म्हणजे चार्जला मागून मिळणारा धक्का," हे थकल्या आवाजात म्हणाले. "काम किती होणार, ते धक्का केवढा आणि चार्ज किती वाहिला, या दोन्हींवर. मीटर तिच्याकडे कामच मागत नाही, मग ती फुशारक्या मारणारच. आता लोड लावतो, बघा."

त्यांनी गाडीचा मोठा दिवा जोडला. आकडा घसरत घसरत नवाच्या खाली गेला, दिवा पिवळट पडला.

माझं डोकंच फिरलं. "परक्याच्या बॅटरीला दिवा लावून बघता, आणि बापाला नुसतं दारातून विचारता होय?"

हे त्या दुपारी जेवलेही नाहीत.

संध्याकाळी चपला न काढताच म्हणाले, "बाबा, चला, गच्चीवर जाऊन येऊ."

मामंजी म्हणाले, "उद्या बघू." यांनी हात पुढे केला तो केलाच. शेवटी उठले बिचारे. जिन्याच्या पहिल्या वळणावर कठडा धरला आणि पायरीवर बसले. ओठ काळसर पडलेले, तोंडातून शब्द फुटेना. हे शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिले. मला रडू आलं.

श्वास ठिकाणावर आल्यावर मामंजी म्हणाले, "तुम्ही दोघं आधीच एवढे दमून येता रे. माझी धाप दिसू नये, म्हणून तू घरात असलास की मी खाटेवरून उठायचोच नाही."