ज्येष्ठ परीक्षकाची खुर्ची

पद्मजा सोहोनी जर्मन शिकवू लागल्या तेव्हा पुण्यात ती भाषा शिकायला येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. एखादा रसायनशास्त्राचा प्राध्यापक, संस्कृतचे एकदोन अभ्यासक आणि लग्न ठरेपर्यंत वेळ घालवायला येणाऱ्या मुली. बाईंचं स्वतःचं लग्न झालं नाही. नातेवाईक म्हणत, जमलं नाही. बाई म्हणत, वेळ झाला नाही. टिळक रस्त्याजवळच्या एका शाळेचे वर्ग रविवारी रिकामे असत. ते त्यांनी मागून घेतले, फ्रेंच आणि रशियन शिकवणाऱ्या मंडळींना गोळा केलं आणि परभाषा अध्यापक मंडळ काढलं. मंडळाची स्वतःची परीक्षा सुरू केली, आणि निम्मे गुण तोंडी परीक्षेला ठेवले.

"लिहिता येतं ते पाठांतर. समोरच्याला उत्तर देता आलं तर ती भाषा," असं त्यांचं म्हणणं.

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक बसत. दोघांत मतभेद झाला तर ज्येष्ठाचा शब्द शेवटचा, आणि लागलेला निकाल कोणाच्याही सांगण्यावरून फिरवायचा नाही. हे नियमही बाईंचेच. एका बड्या कारखानदाराच्या पुतणीला त्यांनी नापास केलं तेव्हा फोन आला. त्या म्हणाल्या, "काकांना बसवा परीक्षेला. ते पास झाले तर बघू." मंडळाच्या प्रमाणपत्राला किंमत आली ती अशा उत्तरांमुळे.

नव्वदनंतर चित्र पालटलं. आधी कारखान्यांत जर्मन यंत्रं आली, मग हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कंपनीच्या बसमधून उतरलेली मुलं गळ्यातली ओळखपत्रं तशीच ठेवून वर्गात येऊ लागली. बाई आता 'मॅडम' झाल्या.

"मॅडम, फास्ट ट्रॅक बॅच आहे का?" एकाने विचारलं.

"आहे ना. लोहगावला विमानतळावर चौकशी करा. तिथे लवकर पोचवतात."

वर्ग हसला. बाईंना ते हसू दिसलं, पण ऐकू आलं नाही.

कान हळूहळू जात होते. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्यांनी महिनाभर लावून पाहिलं. त्यात पंखा ऐकू येई, खडू ऐकू येई, बाक सरकवलेला तर कानठळ्या बसवी. माणसाचं बोलणं तेवढं त्या कोलाहलात बुडून जाई. शिवाय कानात यंत्र घातलेल्या परीक्षकापुढे कोण बोलेल? त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

त्यांचं अडलं मात्र नाही. मराठी माणूस जर्मन बोलताना कुठे ठेचकाळतो हे त्यांना इतकं पाठ होतं की विद्यार्थ्याच्या ओठांकडे बघून चूक कळायची. परीक्षेच्या खोलीत त्या उमेदवाराला खिडकीकडे तोंड करून बसवत. काही पुन्हा विचारावं लागलंच, तर स्वारगेटला जाणाऱ्या बसच्या गोंगाटाच्या नावाने बोटं मोडत. सगळ्यांना ते खरं वाटे. तोंडी परीक्षेची ती खुर्ची ही त्यांच्या आयुष्याची कमाई होती. शिकवणारे शहरात खूप झाले होते. सोहोनीबाई 'येतं' म्हणाल्या की येतं, हे मात्र अजून एकट्या त्यांच्याकडे होतं.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात उत्तरेश्वर परीक्षेला बसला. निलंग्याकडचा इंजिनियर, हिंजवडीत नोकरी, बाईंच्याच रविवारच्या वर्गातला. ही परीक्षा पास झाला तर कंपनी त्याला दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवणार होती. तो आत आला, दोघी परीक्षकांना नमस्कार करून बसला, आणि बाईंनी पहिला प्रश्न विचारताच खाली मान घालून टेबलाकडे बघत बोलू लागला.

"वर बघ," बाई म्हणाल्या.

त्याने क्षणभर वर पाहिलं आणि मान पुन्हा खाली गेली. बाईंना दिसला फक्त चोपून बसवलेला भांग. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. तो बोलत राहिला. शेजारी बसलेली सहपरीक्षक वल्लरी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, मान डोलावत होती. तिच्या भिडस्तपणाची बाईंना सवय होती. ती सगळ्यांनाच मान डोलावायची. त्यांनी 'असमाधानकारक' असा शेरा लिहिला.

तो गेल्यावर त्या कागद आवरत होत्या. वल्लरी मागे थर्मासमधून चहा ओतत होती. सहज मागे वळल्या, तर ती कप हातात धरून त्यांच्याकडेच बघत उभी होती. डोळे भरलेले.

"काही म्हणालीस का?"

"काही नाही, मॅडम. चहा थंड होतोय."

तिने पाठीमागून काहीतरी विचारलं होतं, आणि कदाचित एकदाच नाही, हे बाईंना समजलं. त्यांनी चहा घेतला.

निकालानंतरच्या रविवारी उत्तरेश्वर आला. तक्रार करायला नव्हे. "माझंच काहीतरी चुकलं असणार, मॅडम. कुठं, तेवढं सांगा." बाईंनी त्याला खिडकीपाशी उभं केलं, चेहरा वर ठेवायला सांगितलं आणि तेच चार प्रश्न विचारले. तो बोलत गेला तशा त्या त्याचे ओठ बघत चूक शोधत राहिल्या. एकही चूक नव्हती.

"मग त्या दिवशी मान खाली का घातलीस?"

"आमच्याकडं मोठ्या माणसापुढं मान वर करून बोलत नाहीत."

एवढंच कारण. मंडळात जाऊन 'मला ऐकू येत नाही, याची परीक्षा पुन्हा घ्या' असं म्हणायला पाच मिनिटं पुरली असती. मुलगा स्टुटगार्टला गेला असता आणि खुर्ची गेली असती. शिवाय आजवरचे सगळे निकाल लोकांनी पुन्हा उकरले असते. बाई म्हणाल्या, "सराव चालू ठेव." तो नमस्कार करून गेला. प्रमाणपत्र दाखवायला कंपनीने अजून थोडे दिवस दिले आहेत, असं तो दाराशी थांबून सांगून गेला. दार खिडकीच्या उजेडात होतं, त्यामुळे तेही बाईंना नीट समजलं.

त्याच आठवड्यात मंडळाचा कार्यवाह आमोद पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. परदेशी भाषाशिक्षणाच्या सेवेबद्दल आणि नेतृत्वाबद्दल मंडळ बाईंचा सत्कार करणार होतं.

"पुण्यात सत्कार म्हणजे जिवंतपणीचा दहावा," बाई म्हणाल्या. "परीक्षेवरून काढताय का मला?"

"छे हो मॅडम, तुमच्याशिवाय परीक्षा कसली? आम्हांला आपली कृतज्ञता व्यक्त करायची आहे."

तो सावकाश, ओठ ठळक हलवत बोलत होता. वल्लरीने त्याला बाईंच्या कानांबद्दल सांगितलेलं होतं, हे त्यावरून उघड झालं. उत्तरेश्वरचं नाव बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी आमोदच्या शब्दावर विश्वास ठेवायचं ठरवलं, आणि नाव गिळलं.

समारंभ शाळेच्याच सभागृहात झाला. खुर्च्या मांडायला विद्यार्थी होते, त्यांत उत्तरेश्वरही होता. बाईंना शाल दिली, श्रीफळ दिलं. मग आमोद माईकपाशी गेला. माईकमागे त्याचं तोंड झाकलं गेलं होतं. तो बराच वेळ बोलला. शेवटी सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं, पुढच्या रांगेतल्या काही बायकांनी डोळे पुसले. रीत म्हणून बाईंनीही टाळ्या वाजवल्या. त्या वाजवू लागल्या तशा बाकीच्यांच्या थांबल्या. आमोद खाली बघू लागला.

वल्लरी उठून त्यांच्यासमोर येऊन वाकली. "मॅडम, तुम्ही आजपासून परीक्षकपदावरून निवृत्त होताय, असं त्याने जाहीर केलं."

बाईंचे हात मांडीवर आले. आता राखायचं काही उरलं नव्हतं. कार्यक्रम संपून लोक पांगू लागले तेव्हा त्या काठी टेकत मागच्या रांगांकडे गेल्या. उत्तरेश्वर तबक घेऊन पेढे वाटत होता.

"तू पास होतास," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे. आसपासची माणसं वळून बघू लागली. "मला ऐकू येत नाही. आत्ताच्या आत्ता तुझा निकाल बदलायला लावते."

उत्तरेश्वरने चेहरा वर केला आणि त्यांना नीट दिसेल असा उभा राहिला.

"मुदत काल संपली, मॅडम. माझ्या जागी दुसरा चाललाय." मग तो म्हणाला, "खिडकीपाशी बोलायला लावलं, तवाच कळलं होतं मला. रोज वाट बघितली. वाटलं, तुम्ही सांगाल."

त्याने त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि तबक घेऊन पुढच्या रांगेकडे गेला.