मंडपातलं मस्टर

माझी पहिली नोकरी तासिका तत्त्वावरची होती, म्हणजे दर जूनला नव्यानं मागायची. नांदेडजवळच्या एका तालुक्याच्या गावात मी राज्यशास्त्र शिकवत होते. वय तिशीच्या आत, नेतृत्वावरचा प्रबंध अर्धवट. संस्थेच्या अध्यक्षांना त्या वर्षी निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून कॉलेजच्या मैदानावर सप्ताह बसला.

सप्ताहाबद्दल माझी तक्रार नाही. माझे वडील गावात वीणा घेऊन पहारा द्यायचे. मीही रोज पहाटे काकड्याला जात होते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी हजेरीचं मस्टर उचलून मंडपात नेलं. आठ ते दहा सगळ्यांनी पारायणाला बसायचं आणि अध्यक्षांसमोर सही करायची. हे दोन तास तुमच्या तासिकांत धरू, असंही ते म्हणाले. म्हणजे ओव्या वाचायच्या आणि दैनंदिनीत लिहायचं, राज्यसभेची रचना शिकवली. सहकारी गुपचूप मंडपात गेले. मी वर्गात गेले. मुदखेडकडून जीपनं येणाऱ्या अकरा मुली बसलेल्या होत्या.

दोन दिवसांनी त्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुमी हितं शिकवून राहिलात, आन् तिकडं तुमची गैरहजेरी लागून राहिली."

लागू दे म्हटलं, वही काढ.

शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी मंडपात बोलावलं. आवाज मऊ होता. "ताई, पहाटे तर रोज दिसता म्हणे. मग एका सहीला काय झालं?"

"पहाटे देवाकडं येते, साहेब. तो सही मागत नाही."

"आन् मी मागतो, असंच ना?"

"हो."

ते हसले. प्राचार्य हसले नाहीत. पाचही रकान्यांत आत्ताच सह्या करा, विषय मिटला, असं म्हणत त्यांनी पेन पुढं केलं. मी घेतलं नाही.

जूनमध्ये माझ्या तासिका दुसऱ्याला दिल्या. हट्टापायी भाकरी घालवली, असं घरचेही बोलले. भाकरी गेली हे खरं. पण समोर बसलेली माणसं आपली आहेत की धरून आणलेली, हे ज्याला कळत नाही, त्याला नेता म्हणायला मी तेव्हा तयार नव्हते. आजही नाही. आणि देवाच्या नावानं वर्ग बंद पाडणारा भक्त कसा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मी लातूरला आले. दोन वर्षं शिकवण्या घेतल्या, प्रबंध पुरा केला, कायम झाले. आता विभाग माझ्याकडं आहे. मागच्या महिन्यात एका पुढाऱ्याच्या सभेला वर्ग सोडून मुलं पाठवा, असा तोंडी निरोप आला. तासिकेवरचे दोघं तरुण प्राध्यापक माझ्याकडं बघत उभे राहिले. त्यांचा जून मला माहीत होता.

"तास घ्या," मी म्हटलं. "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."