ताकातली मुळी

आज देवपूरच्या घरात आंबट ताकाचा वास आला आणि जुना संताप पुन्हा उसळला. पूर्वी जळगावच्या एका प्रयोगशाळेत आम्ही कळलावी या रानवेलीच्या मुळीची विषपरीक्षा करत होतो. झाडपाल्याचे औषध देणारे सोमाआबा मुळ्या घेऊन आले होते. ताकाने मुळीतले विष उतरते म्हणून ते बजावत होते, “भाऊ, सात दिन ताकमा ठेवाशिवाय हाई मुळी कोनलेच देवानी नही.”

आमचे प्रमुख हसले. “आबा, इथे कढी करायची नाही!”

रोग्याला जे देतात तेच तपासावे, हा पहिला नियम. आम्ही कच्ची मुळी तपासली आणि ‘आबांचे औषध विषारी’ असे लिहिले. गावाने आबांकडे जाणे सोडले.

ताकातली मुळी निर्धोक होती का? मला आजही ठाऊक नाही. अहवालाखाली सही मात्र माझीच आहे.