भरती वेळेवरच येते

चंदीगडात राहून समुद्राला भरती कधी आहे हे ज्याला रोज ठाऊक असतं, असा माणूस उभ्या पंजाबात एकच असावा, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. मी अमरावतीचा, समुद्र पाहिला तो लग्नानंतर एकदा. हे गृहस्थ वेंगुर्ल्याकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर इथे आले आणि इथलेच झाले, पण घड्याळ तिकडचं ठेवून. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, एवढ्या हिशेबावर त्यांचा संसार चालतो. साहेबांनी अष्टमीला दुपारची मीटिंग ठेवली की जिन्यात मला थांबवून म्हणत, "ऐन ओहोटीला बोलावलंय. काही हाताला लागणार नाही." आणि खरोखरच कधी काही लागलं नाही.

इथला मासा त्यांनी आयुष्यात मानला नाही. बाजारात जाऊन रोहूचे कल्ले उघडून बघायचे, नाकाशी न्यायचे, "ह्येका चिखलाचो वास येता" असं मासेवाल्याला मालवणीत सुनावायचे आणि रिकाम्या पिशवीनं परत यायचे. घरी मग गावाहून आलेलं सुकट भाजलं जाई. एकदा त्या वासानं समोरच्या सरदारजींनी मेलेला उंदीर शोधायला अख्खी गच्ची पालथी घातली होती. यांनीही त्यांच्याबरोबर मनोभावे शोधला.

पण त्यांचा खरा जीव होता गरवण्यात, म्हणजे गळ टाकून मासे धरण्यात. ऊन चढलं की काठाचं पाणी तापतं आणि मासा खोल जातो, म्हणून पहाट धरावी. भरती चढू लागली की तो खाडीत शिरतो, तेव्हा गळ मधोमध न टाकता खडकाच्या कडेनं सोडावा. कोळंबी शेपटीकडून ओवावी, म्हणजे ती जिवंत राहते. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि मी शाकाहारी आहे. त्यांना ते द्यायचं होतं मुलीला. ती सेक्टर चौतीसमध्ये परदेशी जाण्याच्या परीक्षेचा क्लास करत होती. मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. ती उडून जायच्या आत तिला निदान गळ टाकता यावा, एवढाच त्यांनी ध्यास घेतला होता. रविवारी पार्कात गळ काढून नुसतं शिसं बांधलेली दोरी ती फेकायची आणि हे स्वतःची चप्पल लांब ठेवून नेम धरायला लावायचे. फिरायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "भाईसाब, यहाँ मछली कहाँ?" हे गंभीरपणे म्हणाले, "मछली बाद में जी. पहले हाथ बैठना चाहिए."

हात बसला, आणि दिवाळीत ते तिला घेऊन गावी गेले. मधल्या वर्षांत लग्नाकार्याला, मयतीला जाणं झालं होतं, खाडीवर जायला मात्र सवड झाली नव्हती. पुढचं मला मुलीनं सांगितलं. खाडीच्या तोंडाशी आता नवी जेटी झाली आहे. यांच्या खडकाभोवती वाळू भरून मैदान झालं आहे, आणि तिथे क्रिकेट चाललं होतं. "अंकल, मैं काँटा लेके खड़ी थी. पूछा, पापा, कहाँ डालूँ? बोले, थांब, पाणी येतला. पानी आया भी, लेकिन जेटी के उस तरफ."

परत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "भरती वेळेवरच आली हो. मीच चुकीच्या जागी बसलो होतो." त्यानंतर जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलत, पण चंदीगडच्या. पूर्वी ज्या गप्पांचा मला कंटाळा यायचा, त्यांच्यावाचून आता चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं.

मुलगी कॅनडाला निघाली त्या सकाळी मी बॅगा उतरवायला गेलो होतो. बापाचा चेहरा बघून ती म्हणाली, "पापा, कॉलेज के पास ही समंदर है. आप आओगे ना, तो वहाँ मछली पकड़ेंगे."

त्यांनी बॅग खाली ठेवली. "थयसर पाणी गरम आसता?"

"नहीं पापा, बर्फ जैसा."

त्यांनी ती बॅग पुन्हा उचलली आणि टॅक्सीच्या डिकीत ठेवली.

"थंड पाण्यातला माका काय्येक म्हायत नाय गो," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्यासाठी टॅक्सीचं दार उघडलं.