चाचांनी लेन्सला गप्प बसवलं

उस्मानचाचांची नि माझी पहिली ओळख आमच्या कापडे गावच्या शाळेत झाली. दहावीचा ग्रुप फोटो काढायला चाचा महाडवरनं आले होते. त्यांनी बटण दाबलं आणि नेमकं त्याच टायमाला मी हेडसरांच्या डोक्यामागं दोन बोटांची शिंगं केली. फोटो धुऊन आला तेव्हा सर भडकले. चाचा मात्र म्हणाले, "सर, मी बटण कधी दाबणार ते ह्याला माझ्याआधी कळलं. पास झाला तर बरं, नायतर माझ्याकडं पाठवा."

मी नापास झालो. तेव्हापासनं त्यांच्या स्टुडिओत हाय.

चाचांचं काम सगळ्यांना ठाऊक हाय. वरंधकडच्या डोंगरातल्या लग्नात एखाद्या म्हातारीचे डोळे फोटोत मिटलेले आले, तर चाचा परत चढून जातात आणि तिचा एकटीचा फोटो काढून आणतात. त्यांचा दुसरा नियम असा, की मशीन अडलं तर आधी मशीन बघायचं, माणसाला नंतर बोलायचं. ह्याच नियमानं माझी नोकरी वाचली.

भातकापणी झाली की आमच्याकडं शेतात क्रिकेटच्या मॅची भरतात. फायनलचे फोटो आम्हाला काढायचे होते. चाचांचे पुतणे इक्बालभाई आखातातनं सुट्टीवर आले होते. लांबचं जवळ दाखवणारी आपली भारी लेन्स त्यांनी चाचांना वापरायला दिली. सोबत कन्व्हर्टर पण होता, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधी बसवायचा तुकडा. त्यानं चित्र अजून मोठं दिसतं. सकाळी नुसती लेन्स लावली तर झ्यूं करून फोकस झाली. मग चाचांनी सांगितलं म्हणून मी कन्व्हर्टर जोडला. बटण दाबलं तर लेन्स ढिम्म.

इक्बालभाई शेताकडंच्या मॅचीच्या मांडवातच ओरडले, "चाचा, हा पोरगा नंबरी हाय! परवा माझे बूट डार्करूममधी लपवले, आज लेन्सची वाट लावली. उद्यापासनं ह्याला दुकानात घ्यायचा नाय!"

"आईशपथ, मी काय केलं नाय!"

सगळे हसले. माझ्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?

"थांब रे इक्बाल," चाचा म्हणाले. त्यांनी कन्व्हर्टर काढला, तर लेन्स चालू. परत लावला, तर बंद. मग त्यांनी लेन्सचं बूड उन्हात धरलं. "हे सोनेरी टिपके बघ. कॅमेऱ्याला एवढेच लागतात. मग हे तीन जास्तीचे कोणासाठी?"

कन्व्हर्टरवर तसलेच तीन होते.

"ह्यांच्यावरनं लेन्सला कळतं, मधी पाहुणा बसलाय. ती कॅमेऱ्याला सांगते, उजेड कमी झाला. कॅमेरा बोलतो, मग फोकस माझ्याच्यानं होणार नाय. बिघडलं काय नाय रे, लेन्स हुशार हाय."

चाचांनी नखाएवढी चिकटपट्टी कापून त्या तीन टिपक्यांवर लावली आणि सगळं परत जोडलं. झ्यूं! लेन्स जरा चाचपडली, पण फोकस बसला. मधी कोण हाय ह्याचा तिला पत्ताच नाय! मस्करीत मी स्वतःला उस्ताद समजायचो, पण चाचांनी तर मशीनलाच गंडवलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"आता ह्याला काय ते बोल," चाचा पुतण्याला म्हणाले.

"चुकलं भावा," इक्बालभाई बोलले. "पण माझे बूट?"

"सापडले ना तुम्हाला?"

चाचा हसले आणि सगळ्यांदेखत तो कॅमेरा त्यांनी माझ्या गळ्यात घातला. "जा, शेवटची ओव्हर तूच काढ."

चाचांना आता साठ पूर्ण झाली. अल्ला आणि आमचा भैरीदेव, दोघांनी मिळून त्यांना भरपूर आयुष्य द्यावं, डोंगर चढायला गुडघे धड ठेवावेत. कुणावर खोटा आळ आला, की "थांब रे" म्हणायला चाचा तिथं असावेत.